कापलेली कड

मंगळवार, ७ फेब्रुवारी

वही नवी आहे, म्हणजे दुकानात उरलेल्या कागदांची मीच शिवली. लेक म्हणाली, "बाबा, कामं लिहून ठेवत जा, हल्ली तुझा घोळ होतो." घोळ वगैरे काही होत नाही. कागद पडून होता, म्हणून लिहितोय.

आज एक काम आलं. ऐंशीच्या पुढच्या एक बाई काठीने चाचपडत दुकानाच्या दोन पायऱ्या चढल्या. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते असं त्यांनीच सांगितलं, म्हणून पावतीवर मी 'टेलिफोनबाई' असं लिहून टाकलं. पिशवीतून त्यांनी एक पुस्तक काढलं, फडक्यात गुंडाळलेलं. त्या ज्यू आहेत आणि हे त्यांचं प्रार्थनेचं पुस्तक, उजवीकडून उघडणारं. शिलाई गेलेली, फर्मे, म्हणजे पानांचे शिवलेले गठ्ठे, सुटे झालेले, पाठ पुठ्ठ्यापासून निघून आलेली.

"हे माझ्या ताईचं," त्या म्हणाल्या. "ताई मागच्या हिवाळ्यात गेली. आमची आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, गाव सोडून पळत होतो त्या धांदलीत. ताई मोठी. तिने आईचा दिवस यात एका पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवला, आमच्या कॅलेंडरचा. दरवर्षी त्या दिवशी आम्ही चोवीस तास जळणारी मेणबत्ती लावतो. ताई आदल्या दिवशी फोन करायची, उद्या आहे गं. मी तिला कधी विचारलंच नाही कुठला दिवस ते. आता पुस्तक उघडायला गेलं की पानं हातात येतात. आधी बांधून द्या, मग कोणाकडून तरी वाचून घेईन. तेवढ्या कडा जपा."

म्हटलं, बाई, पस्तीस वर्षं हेच करतोय. लोकांना वाटतं आपण कालच धंद्याला लागलो.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

दोन दिवस डोळ्यात तेल घालून काम केलं. फर्मे सुटे केले, जुना सरस खरवडला, फाटक्या घड्यांना पातळ कागद लावला, शिवलं. सुईत दोरा ओवायला मात्र फार वेळ गेला. हल्ली सुयांना भोकंच नीट पाडत नाहीत.

कडा मुळातच वेड्यावाकड्या, काही कुजलेल्या. कापायच्या आधी एकेक पान उलटून पाहिलं. कुठेही काही लिहिलेलं नाही. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत असं होतं, ते दुसऱ्या कुठल्या पुस्तकात असेल. मग मशीनला लावून तिन्ही बाजू कापल्या. समोरची बाजू सरळ येईना म्हणून ती तीनदा घेतली, अगदी दोऱ्याएवढी दोऱ्याएवढी.

पुस्तक झालंय मात्र देखणं. निळं कापड, आत पुढेमागे नवी कोरी पानं, आणि उजवी-डावी बाजू मी चुकलो नाही हे विशेष. दिवा तेवढा बदलायला हवा. दुकानात फार मंद उजेड पडतो.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

लेक दर शुक्रवारी दुपारी येऊन दुकान झाडून देते. टोपली उचलताना थांबली.

"बाबा, या पट्ट्यांवर काय आहे?"

"डाग असतील."

ती पट्टी घेऊन दारात उन्हात गेली. "डाग नाहीत. पेन्सिलीने लिहिलंय. अक्षरं आहेत, मधून चिरलेली."

मीही उन्हात गेलो. मला आधी काहीच दिसेना. तिने बोट ठेवलं तिथे मग काहीतरी करडं, पुसटसं दिसलं. पेन्सिल इतकी फिकी असेल तर माणसाने काय करावं?

दुपारभर दोघं जमिनीवर बसून मशीनखालचे कपटे गोळा करत होतो. म्हणजे ती गोळा करत होती, मी पाकीट धरून बसलो होतो.

शनिवार, ११ फेब्रुवारी

ज्यू माणूस आपल्या ओळखीत एकही नाही. टेलिफोनबाईंनाच विचारायचं तर काय तोंडाने? लेकीने शोधून काढलं की इंटरनेटवर रब्बींना प्रश्न विचारता येतात. रब्बी म्हणजे त्यांच्या धर्माचं शास्त्र शिकलेली माणसं. प्रश्न टाकायचा, कोणीतरी रब्बी उत्तर देतात, नाव सांगायची सक्ती नाही, आपल्या भाषेत लिहिलेलं चालतं. लेकीने पडद्यावरची अक्षरं मोठी करून दिली. मी दोन बोटांनी लिहिलं:

"मी बाइंडर आहे. तुमच्या प्रार्थनेच्या पुस्तकाच्या कडा कापताना कडेचं लिखाण कापलं गेलं. एका बाईंच्या आईचा दिवस त्यात होता. कपटे जपून ठेवले आहेत. काय करावं?"

"कापलं गेलं" असं लिहिल्यावर जरा बरं वाटलं.

दिवसभर उत्तर नाही. लेक म्हणाली, शनिवारी ते लोक काम करत नाहीत, संगणकाला हातही लावत नाहीत. माझा जीव टांगणीला आणि यांची नेमकी आज सुट्टी.

रविवार, १२ फेब्रुवारी

उत्तर आलं. नेमकं आणि कोरडं, औषधाच्या दुकानात देतात तसं. प्रार्थनेची पुस्तकं जीर्ण झाली की ती माणसासारखी जमिनीत पुरतात, केरात टाकत नाहीत. नुसत्या कडांना तो नियम तितका सक्तीचा नाही, पण यात कोणाच्या आईची आठवण आहे, तेव्हा कपटे त्या बाईंना द्या, पुढचं त्या ठरवतील. आधी त्यांचे फोटो पाठवा, वाचता येतंय का बघतो.

लेकीने पांढऱ्या कागदावर कपटे मांडून फोटो काढले. एकशे चौदा तुकडे.

सोमवार, १३ फेब्रुवारी

सकाळी बाईंचा फोन. "झालं का हो पुस्तक?"

"सरस वाळतोय," मी म्हणालो.

त्या म्हणाल्या, "बरं. वाळू दे."

बुधवार, १५ फेब्रुवारी

रब्बींनी तुकडे जुळवून पाहिले. महिना वाचता येतो, अदार नावाचा. येत्या आठवड्यातच तो लागतोय. दिवस मात्र गेला. जिथे दिवस लिहिला होता तिथूनच पातं तीनदा फिरलंय.

पण पुढे त्यांनी लिहिलंय की दिवस कळत नसेल तर जवळच्या माणसाने त्या महिन्यातला एक दिवस ठरवायचा आणि मग दरवर्षी तोच पाळायचा. अशा घरांची संख्या थोडी नाही, असंही लिहिलंय. वाचून जीव भांड्यात पडला. म्हणजे कुठलाही दिवस चालतो. मग मीच एखादा ठरवून कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून टाकला तर काय बिघडलं? बाईंना कुठे दिसतंय? वाचून दाखवणारा वाचेल, मेणबत्ती लागेल, कोणाच्या जिवाला घोर नाही.

आडवळणाने विचारून पाहिलं. दोन तासांत उत्तर: "नाही. दिवस त्यांनी ठरवायचा आहे. त्यासाठी तो गेलाय हे त्यांना कळायला हवं. त्यांना सांगा."

औषधवाला तो औषधवालाच.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

त्यांच्या हिब्रू लिपीतली अक्षरं लेकीकडून मोठी छापून घेतली, दुकानात लावायला हवीत म्हणून सांगितलं. दुपारभर एका जुन्या कागदावर गिरवत बसलो. हात चांगला आहे माझा, कोणाचंही अक्षर हुबेहूब उतरवतो. आज मात्र रेघेवर रेघ बसेना. पेन्सिल बदलली, तरी तेच.

मग दुसऱ्या एका ठिकाणी, दुसऱ्या रब्बींना प्रश्न टाकला. या वेळी नीट मांडला. लिहिलं की माझ्या एका मित्राच्या हातून असं झालंय, कडांचे एकशे चौदा तुकडे झालेत, मित्र भला आहे, बाई फार म्हाताऱ्या आहेत, सांगितल्याने त्यांना उगाच धक्का बसेल, तर त्यांच्या भल्यासाठी मित्राने दिवस लिहून टाकला तर तुमच्या शास्त्रात काही सवलत आहे का. सगळेच काही सारखे नसतात. डॉक्टरसुद्धा आपण दुसरा गाठतोच की.

रविवार, १९ फेब्रुवारी

दुसऱ्या रब्बींचं उत्तर. हे सावकाश लिहिणारे दिसतात. जसंच्या तसं उतरवून ठेवतो, कारण वाचून कानशिलं तापली.

"तुमच्या पत्रात एकशे चौदा तुकडे असं लिहिलं आहे. गेल्या आठवड्यात माझे एक सहकारी मला फोटो दाखवून एका तुकड्याबद्दल विचारत होते. तेही एकशे चौदाच होते. आमच्याकडे एक रीत आहे. एका रब्बीने नाही म्हटलं की हो म्हणणारा दुसरा शोधत फिरायचं नाही, आणि विचारायचंच असेल तर आधी कोणाला विचारलं ते सांगून विचारायचं. तुम्ही आमच्यातले नाही, ही रीत तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून राग नाही. पण मीही नाहीच म्हणतो. ज्याला एखादी गोष्ट दिसत नाही, त्याच्या न दिसण्याचा फायदा घेणं आमच्याकडे मोठा अपराध मानतात. तुमच्या मित्राला सांगा, त्याने जाऊन त्या बाईंची माफी मागावी. मित्र भला आहे असं तुम्ही म्हणताच."

लेकीने मागून वाचलं. ती चहा ठेवायला गेली. चोरी करताना पकडलं असतं तर इतका खजील झालो नसतो.

सोमवार, २० फेब्रुवारी

गेलो. बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, जिन्यात अंधार, शेवटच्या पायरीला ठेचकाळलो. खोली लहान, नीटनेटकी, प्रत्येक वस्तू ठरलेल्या जागी. टेबलाच्या कोपऱ्यात ती मेणबत्ती काचेच्या भांड्यात तयार ठेवलेली होती.

पुस्तक हातात दिलं. त्यांनी कापडावरून बोटं फिरवली, पाठ दाबून पाहिली, "छान झालंय," म्हणाल्या. तेव्हाच गप्प बसून निघून यावंसं वाटलं. मग सांगितलं. कागद फार जुना होता, कडा कुजल्या होत्या, पेन्सिल इतकी फिकी की कोणालाही दिसली नसती, मशीन जुनं आहे, एकसारखं कापत नाही म्हणून तीनदा घ्यावं लागलं, त्यात ते गेलं. फार वाईट वाटतं. महिना मिळालाय, अदार, दिवस तुम्ही ठरवू शकता, रब्बींना विचारून आलोय. कपट्यांचं पाकीट पुढे ठेवलं.

त्यांनी पाकीट उघडलं नाही. "ताईचं अक्षर होतं ते," त्या म्हणाल्या. "तिची माझ्याकडे एवढीच एक ओळ होती."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी आपला तारखेच्या मागे.

"तुम्ही जा आता," त्या म्हणाल्या.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

दुसऱ्या रब्बींना लिहिलं की मित्र म्हणजे मीच. जाऊन आलो, त्यांनी घालवून दिलं, आता माझं काम झालं ना?

उत्तर आलं, "तुम्ही नेमकं काय म्हणालात?"

जे बोललो ते सगळं लिहून पाठवलं.

"ही माफी नव्हे, ही कागदाची तक्रार आहे," त्यांनी लिहिलं. "कागद, पेन्सिल, मशीन, सगळ्यांनी काही ना काही केलं. तुम्ही काय केलं ते यात नाही. समोरच्याने नाही म्हटलं तर आमच्याकडे तीनदा जातात. तिसऱ्यांदाही नाही म्हटलं तर जाणाऱ्यावर बोजा राहत नाही. पण काल गेलात तो फेरा मी धरला नसता."

सरसाचेसुद्धा तीन हात द्यावे लागतात, त्याचं मला काही नाही. पण पस्तीस वर्षांच्या कामावर असं कोणी बोललं नव्हतं.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

पुन्हा गेलो. या वेळी मनाशी घोकून गेलो होतो. उभ्यानेच म्हणालो, "बाई, तुम्ही कडा जपा असं सांगितलं होतं. मी कापल्या. मशीनने नाही, मी. तुमच्या ताईंचं अक्षर माझ्या हाताने गेलं. मला माफ करा."

"बसा," त्या म्हणाल्या. मी बसल्यावर विचारलं, "मी सांगितलं होतं तरी तुम्ही पाहिलं नाही?"

"पाहिलं. एकेक पान उलटून पाहिलं."

"मग?"

मी काही बोललो नाही. पेन्सिल फिकी होती हे तर आता म्हणायचं नव्हतं.

"मी चाळीस वर्षं कानाला यंत्र लावून लोकांचं बोलणं जोडत होते," त्या म्हणाल्या. "माणूस कुठे अडतो ते मला कळतं. परवा तुम्ही सगळीकडेच अडत होतात. आज एकाच ठिकाणी अडलात. जिन्यातसुद्धा दोन्ही वेळा त्याच पायरीला अडखळलात, मी इथून ऐकलं. जा, आणि नीट विचार करून या. नाही आलात तरी चालेल."

त्या असं का म्हणाल्या ते कळलं नाही. जिन्यात अंधार आहे, कोणीही अडखळेल.

शनिवार, २५ फेब्रुवारी

सकाळी बाजारातून सगळ्यात जास्त उजेडाचा दिवा आणला. स्टुलावर चढून लावला. खाली उतरलो, पाहिलं. दुकानात काही फरक पडला नव्हता.

शेजारच्या चाव्या बनवणाऱ्याला हाक मारली, म्हटलं, बघ रे, हा दिवा नासका दिलाय. तो दारात येऊन डोळ्यांवर हात धरून म्हणाला, "काका, आंधळं करता का आम्हाला?"

तो गेल्यावर दार लोटून बसलो. त्या दिवशी ज्या कागदावर अक्षरं गिरवली होती तो काढला. लेकीचं भिंग होतं त्यातून पाहिला. एकावर एक, तिरकी, ओळ सोडून खाली उतरलेली. मला त्या दिवशी वाटलं होतं की थोडीशी चुकलीत.

आमची ही होती तेव्हा कापायच्या आधी पुस्तक मी हिच्या हातात द्यायचो. ती सगळी पानं चाळायची आणि "चालू द्या" म्हणायची. मला वाटायचं उगाच लुडबुड करते, माझं काम मला कळत नाही का. कधीतरी एखाद्या पानाला खूण घालून परत द्यायची, इथे जरा आत घ्या म्हणायची. मी हो म्हणायचो आणि तिने पाहिलं म्हणून बरं झालं असं एकदाही म्हणालो नाही. ती जाऊन चार वर्षं झाली. चार वर्षांत किती पुस्तकं कापली मी? त्यांच्या कडेला काय काय असेल? कोणी परत येऊन सांगितलं नाही एवढंच.

फार भीती वाटली. लेकीला फोन केला आणि सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने म्हणालो. ती लगेच "हो" म्हणाली. का, काय, काही विचारलं नाही. बहुतेक कधीपासून वाट बघत होती.

सोमवार, २७ फेब्रुवारी

काचबिंदू. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण बोलल्या सरळ. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून जपायची. फिकं आणि बारीक दिसणं आधी जातं, आणि सावकाश जातं म्हणून माणसाला कळत नाही.

"काम काय करता?" त्यांनी विचारलं.

"बाइंडिंग."

"धारेचं मशीन वापरता?"

लेक माझ्याकडे बघत होती. "वापरत होतो," मी म्हणालो. शब्द तोंडातून बाहेर पडेपर्यंत मी तसं ठरवलं नव्हतं.

रस्त्याने येताना लेकीने हात धरला. मी झटकला नाही.

दुसऱ्या रब्बींना डोळ्यांचं लिहिलं. त्यांनी आधी औषध वेळेवर घालायला सांगितलं आणि मग लिहिलं, "न दिसणाऱ्याचा फायदा घेऊ नये असं मी लिहिलं तेव्हा माझ्या मनात त्या बाई होत्या. तुमच्याबद्दल मला ठाऊक नव्हतं. क्षमा करा." रब्बी माझी क्षमा मागतात, आणि तीही अशी सरळ, एका ओळीत. मी माफी मागताना किती ओळी खर्च केल्या होत्या.

बुधवार, १ मार्च

सकाळी दहाला गेलो. लेक जिन्यापर्यंत आली, वर नको म्हणालो. त्या पायरीवर थांबून पाय नीट उचलला.

बाईंनी दार उघडलं आणि बाजूला झाल्या. मी खुर्चीत बसलो.

"मला दिसत नाही," मी म्हणालो. "तुमच्याइतकं वाईट नाही, पण कापायचं काम करावं इतकंही दिसत नाही. तीनचार वर्षं झाली असावीत. सुया, दिवे, कागद, सगळ्यांना नावं ठेवली, पण आपल्याला दिसत नाही असं स्वतःशीसुद्धा म्हणालो नाही, कारण म्हणालो असतो तर दुकान बंद करावं लागलं असतं. तुम्ही कडा जपा म्हणालात, तेव्हा मला दिसत नाही, दुसऱ्याकडे द्या, असं सांगायला हवं होतं. उलट तुमच्या आठवणीत काहीतरी गोंधळ असेल असं मी मनात म्हणालो. पुढे खोटा दिवस लिहून द्यायचाही विचार केला होता, तुम्हाला कळणार नाही म्हणून. आता मशीन बंद केलंय."

इतकं एका दमात कधी बोललो नव्हतो. डोळ्यांतून पाणी आलं, ते मी पुसलं नाही. त्यांना दिसणार नाही असं वाटून नव्हे, पुसायचं सुचलंच नाही.

बाईंनी विचारलं, "पहिल्यांदा कधी कळलं?"

"शनिवारी."

"मला सहा महिने लागले होते. मी शेजारणीशी भांडायचे की जिन्यातला दिवा चोरते." त्या किंचित हसल्या, मग गंभीर झाल्या. "पेन आहे तुमच्याकडे?"

पुस्तक त्यांनी माझ्या पुढ्यात सरकवलं. "नवी कोरी पानं घातलीत ना? पहिल्या पानावर लिहा. तुम्हाला येतं त्या लिपीत, मोठ्या अक्षरांत, तुम्हाला दिसेल असं."

त्यांनी आईचं नाव सांगितलं. ताईचं सांगितलं. मग म्हणाल्या, "अदारचा शेवटचा दिवस."

"शेवटचा का?" मी विचारलं. "रब्बी म्हणाले कुठलाही चालेल. मेणबत्ती तयार आहे, आजचासुद्धा धरता येईल."

"त्याच्या आधीचा कुठलाही दिवस धरला तर कदाचित त्या दिवशी आई जिवंत असेल. जिवंत आईची मेणबत्ती मला लावायची नाही. महिना संपताना ती नक्की नव्हती. एवढंच नक्की आहे."

मी लिहिलं. एकेक अक्षर करत, नाक कागदाला लावून.

"आता तुमचं लिहा."

"माझं काय?"

"मघाशी म्हणालात ते. हे पुस्तक माझ्यामागे कोणाच्या तरी हातात जाईल. ताईची ओळ का नाही ते त्याला कळू दे."

मी लिहिलं: "या पुस्तकाची कड मी कापली. मला दिसत नव्हतं आणि मी ते सांगितलं नाही." खाली नाव घातलं, दुकानाचं नाही, माझं. पस्तीस वर्षांत बांधलेल्या पुस्तकांपैकी एकावरही माझं नाव नाही, बाइंडर कधी नाव घालत नाही.

"वाचा," त्या म्हणाल्या. वाचून दाखवलं. माझ्या आवाजाकडे त्यांचे कान होते. मी कुठे अडलो नाही.

"खाली थोडी जागा सोडा," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"मला काय लिहून घ्यायचंय ते अजून ठरलेलं नाही."

मी चार बोटं मोजून जागा सोडली आणि शाई वाळेपर्यंत पान उघडं धरून बसलो.

गुरुवार, २ मार्च

शेवटचा दिवस यंदा बावीस मार्चला पडतो, तो बाईंना फोन करून सांगितला. आता दरवर्षी आदल्या दिवशी मीच फोन करणार आहे. आणि त्यांचं कॅलेंडर आपल्यासारखं चालत नाही, म्हणून पुढच्या वर्षीचा दिवस कुठला ते त्या दुसऱ्या रब्बींना विचारून ठेवलं.

त्यांनी लिहिलं, "पुढच्या वर्षी आमच्याकडे अदार दोन आहेत, काही वर्षी तो महिना दोनदा येतो. यातला कुठला शेवट धरायचा ते आधी बाईंना विचारा, मग मी माझं मत सांगतो. आणि एक विचारू का? त्यांनी माफ केलं?"

हो लिहिलं असतं तर खोटं झालं असतं, नाही लिहिलं असतं तरी झालंच असतं. शेवटी दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, "जागा सोडायला सांगितली आहे." रविवारी जाऊन दोन अदारांचं विचारून येतो.